पेगची साखळी: किती लांब, कुठे, किती दाट

इंटरफेरॉन अल्फा-२ए या प्रथिनाला ४० किलोडाल्टनची (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पेगची, साखळी जोडली की पेशींवरच्या चाचणीत त्याची विषाणूरोधक ताकद मूळच्या जेमतेम ७ टक्के उरते. कागदावर हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार. तरी हेच औषध पेगासिस या नावाने २००२ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि पुढे कित्येक वर्षं हिपॅटायटिस सीच्या उपचाराचा कणा राहिलं. मूळ इंटरफेरॉनचं अर्धायुष्य सुमारे ५ तास, पेग लावलेल्याचं सुमारे ८० तास. आठवड्यातून तीनदा टोचायचं ते एकदा टोचून भागायला लागलं आणि दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात विषाणूला जे मोकळं रान मिळायचं, ते मिळेनासं झालं.

पेगिलेशनबद्दल, म्हणजे पेग जोडण्याबद्दल, कुणी विचारलं की मी आधी हे उदाहरण देतो. बशीतल्या पेशींवर ताकद किती उरली, एवढाच आकडा पाहून चांगले रेणू बाद केले जातात. पाहायचं असतं ते उरलेली ताकद आणि शरीरातला मुक्काम या दोन्हींचं गणित. आणि हे गणित बसवायला हातात चारच गोष्टी असतात: साखळी किती लांब, ती कुठे जोडली, किती दाट जोडली आणि ती कधी सुटणार. बाकी सगळं या चारांतून निघतं.

पेग करतं काय? साखळीचा प्रत्येक दुवा ४४ डाल्टनचा, आणि तो दोन-तीन पाण्याचे रेणू धरून ठेवतो. त्यामुळे पाण्यात ही साखळी फुगून, सतत हलत, भरपूर जागा व्यापते. २० किलोडाल्टनच्या पेगची पाण्यातली त्रिज्या सुमारे ४.८ नॅनोमीटर भरते. तुलनेला, ६६ किलोडाल्टनच्या अल्ब्युमिनची साडेतीन आणि १५० किलोडाल्टनच्या आयजीजी प्रतिपिंडाची साधारण सव्वापाच. म्हणजे वजनाने अल्ब्युमिनच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असलेली साखळी आकाराने त्याच्या पुढे जाते. मूत्रपिंडाची गाळणी आकार पाहते, वजन पाहत नाही. प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमांना आत शिरायला वाट उरत नाही आणि प्रतिपिंडांना पकडायला उघडी जागा कमी मिळते. ज्या पाण्याच्या गादीमुळे हा फायदा होतो, तीच गादी औषधाला त्याच्या रिसेप्टरपासूनही, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला त्याने भिडायचं त्यापासूनही, लांब ठेवते. ७ टक्क्यांचं मूळ तिथे आहे.

फ्रँक डेव्हिस आणि अब्राहम अबुचोव्स्की यांनी १९७७ साली अल्ब्युमिन आणि कॅटालेझ यांना पेग जोडून हे दाखवलं. पहिलं मंजूर औषध १९९० सालचं अॅडाजेन, त्यानंतर १९९४ साली ऑन्कास्पार. दोन्ही एन्झाइमं आहेत आणि हा योगायोग नव्हे. एन्झाइमाचा घास छोटा रेणू असतो, तो पेगच्या जाळीतून आरामात आत जातो. म्हणून एन्झाइमावर साखळ्यांची गर्दी चालते. सायटोकाइनला, म्हणजे इंटरफेरॉनसारख्या निरोप्या प्रथिनाला, मोठ्या रिसेप्टरला जाऊन भिडायचं असतं, तिथे एकच साखळी, तीही विचार करून निवडलेल्या जागी, लागते.

जागेची निवड

प्रथिनावर पेग जोडायची सर्वांत सोपी जागा म्हणजे लायसिनचा अमाइन गट, आणि सर्वांत जास्त घोळही तिथेच. एनएचएस एस्टर, म्हणजे अमाइनशी जुळणारा क्रियाशील गट, असलेलं पेग पीएच ८ ला टाकलं की ते ज्या लायसिनवर पोचेल तिथे चिकटतं. पाच-दहा लायसिन असलेल्या प्रथिनावर यातून एक, दोन, तीन साखळ्यांची सरमिसळ होते, आणि एकच साखळी असलेल्या रेणूंमध्येही जागेनुसार वेगवेगळे भाऊबंद तयार होतात. प्रत्येकाची ताकद वेगळी. पीएचने हे किती बदलतं त्याचा नमुना म्हणजे पेगइंट्रॉन. तिथे इंटरफेरॉन अल्फा-२बीला १२ किलोडाल्टनचं पेग साधारण पीएच ६.५ ला जोडायचे आणि जवळजवळ निम्मी जोडणी ३४ क्रमांकाच्या हिस्टिडीनवर व्हायची. त्या बंधामुळे ताकद सुमारे २८ टक्के टिकते, पण तो पाण्यात हळूहळू सुटतो. हे औषध कोरड्या भुकटीच्या रूपात यायचं आणि टोचण्याआधी विरघळवावं लागायचं. बंध कुठे बसला यावर बाटलीत काय भरायचं तेही ठरतं, ते असं.

नेमकी जागा हवी असेल तर दोन वाटा जास्त मळलेल्या आहेत. एक, प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीचा, म्हणजे एन-टोकाचा, अमाइन. दुसरी, मोकळं सिस्टीन. न्युलास्टा, म्हणजे पेगफिलग्रास्टिम हे पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध, पहिल्या वाटेने बनतं. त्याची पद्धत इथे आकड्यांसकट मांडतो, कारण नवख्या हाताला सुरुवात करायला ती सर्वांत भरवशाची आहे.

समजा १० मि.ग्रॅ. प्रथिन आहे, रेणुभार १८.८ किलोडाल्टन, म्हणजे फिलग्रास्टिमएवढा. हे ०.५३ मायक्रोमोल झालं. पेग अल्डिहाइड २० किलोडाल्टनचं, पाचपट मोल घ्यायचं: २.६६ मायक्रोमोल, म्हणजे ५३ मि.ग्रॅ. इथे थांबून पुरवठादाराचं सर्टिफिकेट पाहा. टोकाचा अल्डिहाइड गट ८५ टक्केच कार्यक्षम असेल तर ५३ नाही, ६३ मि.ग्रॅ. लागतील. हिशेब नेहमी मोलमध्ये करा. ‘प्रथिनाच्या पाचपट वजन’ अशी सवय लागली की ५ किलोडाल्टनचं पेग वापरताना चौपट जास्त पडतं आणि ४० चं वापरताना निम्मंच.

प्रथिन ५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. या तीव्रतेला, १०० मिलिमोलर सोडियम फॉस्फेटमध्ये, पीएच ५.०, एकूण २ मि.ली. थंड ठेवून हलकं ढवळत पेगची पावडर थोडी थोडी सोडायची. एकदम टाकली तर गोळा होतो आणि त्या गोळ्याच्या कडेला पेगची तीव्रता भलतीच वाढून प्रथिन तिथेच खाली बसतं. प्रथिन खाली बसवायला पेग पूर्वीपासून वापरतातच. मग जोडणी पक्की करणाऱ्या सोडियम सायनोबोरोहायड्राइडचं ताजं १ मोलर द्रावण, ६३ मि.ग्रॅ. प्रति मि.ली., त्यातलं ४० मायक्रोलिटर. अंतिम तीव्रता २० मिलिमोलर होते. ४ अंशाला रात्रभर, साधारण १६ तास.

सायनोबोरोहायड्राइड फ्यूम हूडमध्येच हाताळायचं. ते किंवा त्याचा उरलेला अंश तीव्र आम्लात गेला तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. म्हणून त्याचा कचरा अल्कधर्मी ठेवायचा आणि आम्लाच्या डब्याच्या आसपासही न्यायचा नाही.

पीएच ५ च का? एन-टोकाच्या अमाइनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे अमाइन प्रोटॉन सोडून जोडणीला मोकळे होतात तो आकडा, साधारण ७.८, लायसिनचा साडेदहाच्या आसपास. पीएच ५ ला एन-टोकाचे साधारण ६३० पैकी एक अमाइन मोकळे असतात, लायसिनचे तीन लाखांत एक. म्हणजे सुमारे ५०० पटींचा फरक. फिलग्रास्टिममध्ये लायसिन चारच आहेत, तेव्हा निवड भरपूर स्वच्छ होते. तुमच्या प्रथिनात ३० लायसिन असतील तर हा फायदा तेवढ्या प्रमाणात घटतो, हे धरून चाला. पीएच साडेपाच-सहाकडे सरकला की वेग वाढतो आणि दोन साखळ्यांचे रेणूही वाढतात. घाई असेल तेव्हा पीएच वाढवायचा मोह होतो, त्यापेक्षा आणखी दोन तास द्यावेत.

१, ४ आणि १६ तासांना १० मायक्रोलिटर काढून जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या पातळ थरावर, चढवा. मूळ प्रथिन १०-१५ टक्क्यांवर आलं आणि दोन साखळ्यांचा पट्टा दिसायला लागला की थांबायचं. शेवटचे १० टक्के जोडून घ्यायच्या नादात दुहेरी जोडणी वाढते आणि पुढे ती वेगळी करणं महाग पडतं. उरलेलं मूळ प्रथिन वेगळं करणं त्या मानाने सोपं आहे.

सिस्टीनची वाट मॅलेइमाइडची, म्हणजे सिस्टीनच्या थायॉल गटाला चिकटणाऱ्या गटाची. सिमझिया या औषधात प्रतिपिंडाचा फॅब, म्हणजे लक्ष्य पकडणारा, तुकडा घेऊन त्याच्या सिस्टीनला ४० किलोडाल्टनचं पेग असंच जोडतात. पीएच ६.५ ते ७.५ पाळायचा. साडेसातच्या वर गेलात की मॅलेइमाइड अमाइनशीही जुळायला लागतो आणि स्वतः पाण्याने फुटतोही. प्रथिनातले डायसल्फाइड उघडायला डीटीटी हे थायॉल असलेलं रसायन वापरलं असेल तर तो स्तंभातून पूर्ण काढल्याशिवाय पेग टाकू नका, नाहीतर महागडं पेग सगळं डीटीटीलाच चिकटतं. ‘टीसेप वापरला, मग काढायची गरज नाही’ असं बऱ्याचदा सांगितलं जातं. टीसेप हे डायसल्फाइड उघडणारं दुसरं रसायन, पण तोही मॅलेइमाइडशी प्रतिक्रिया करतो, फक्त कमी. काढणंच बरं. आणि एक गोष्ट जोडणी झाल्यावर कळते: मॅलेइमाइड-थायॉल बंध रक्तात उलट फिरू शकतो आणि पेग उठून अल्ब्युमिनच्या मोकळ्या सिस्टीनवर जाऊन बसतं. जोडणीनंतर पीएच साडेआठ-नऊला काही तास ठेवून मॅलेइमाइडचं वलय मुद्दाम पाण्याने उघडून घेतलं की बंध पक्का होतो. तुमचं प्रथिन तो पीएच सोसतं का, हे आधी तपासा.

बिघडतं कुठे

एनएचएस एस्टर वापरत असाल तर ट्रिस आणि ग्लायसिन बफर कपाटातच राहू द्या. दोघांतही प्राथमिक अमाइन आहे आणि प्रथिनाच्या हजारपट ते असतात. जुन्या शुद्धीकरणातलं ट्रिस राहून गेलेलं असणं हे ‘काहीच जोडलं नाही’ या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण. दुसरं कारण ओलावा. एनएचएस एस्टर पीएच ७ ला, बर्फात, चार-पाच तास तग धरतो, पीएच ८.६ ला, ४ अंशालाही, दहाएक मिनिटांतच निम्मा संपतो. म्हणून उणे २० अंशाची बाटली बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही. गार बाटली उघडली तर हवेतलं पाणी पावडरीवर जमतं, आणि पुढच्या वेळी तीच बाटली अर्धी मेलेली असते. उरलेल्या भागावर आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून बंद करा. पेग हवेत ऑक्सिडाइझ होतं, पेरॉक्साइड तयार होतात, आणि ते नंतर प्रथिनातल्या मेथिओनिनवर हात टाकतात. जोडणी उत्तम, साखळी योग्य, तरी साठवणुकीत ताकद घसरते आहे असं दिसलं तर संशयाची सुई आधी पेरॉक्साइडकडे वळवावी.

तिसरी भानगड डायॉलची. एका टोकाला मेथॉक्सी गटाचं टोपण असलेलं पेग आपल्याला हवं असतं. बनवताना पाण्याचा अंश राहिला तर दोन्ही टोकं उघडी असलेली साखळीही, म्हणजे डायॉल, तयार होते, आणि रेणुभार जितका मोठा तितकी तिची भीती जास्त. अशी साखळी दोन्ही टोकांनी कार्यक्षम झाली की दोन प्रथिनांना एकमेकांशी बांधते. जेलवर अपेक्षेपेक्षा बऱ्याच वर एक हट्टी पट्टा दिसतो आणि पेगचं प्रमाण कमी केलं तरी जात नाही, तेव्हा नव्या लॉटचं डायॉल प्रमाण मागवून पाहा.

शुद्धीकरणात लोक पहिल्यांदा फसतात ते गाळणीच्या आकड्यावर. ३० किलोडाल्टनच्या पडद्यातून २० किलोडाल्टनचं मोकळं पेग सहज निघून जाईल असं वाटतं. वर सांगितलेली ४.८ नॅनोमीटरची त्रिज्या आठवा: ते अडकून बसतं. आकारावर वेगळं करणाऱ्या स्तंभातही मोकळं पेग जोडलेल्या प्रथिनाला जवळजवळ लागूनच बाहेर येतं. त्यापेक्षा प्रभाराचा आधार घ्या. पीएच ४ च्या गार अॅसिटेटमध्ये मिश्रण पातळ करून धन-आयन स्तंभावर, म्हणजे धन प्रभाराचे रेणू धरून ठेवणाऱ्या स्तंभावर, चढवलं की मोकळं पेग, त्याला प्रभारच नसल्याने, न थांबता निघून जातं. मग मीठ हळूहळू वाढवलं की आधी दोन साखळ्यांचं, मग एका साखळीचं, शेवटी मूळ प्रथिन उतरतं, कारण पेग प्रथिनाचा प्रभार झाकतं. स्तंभाची क्षमता मूळ प्रथिनासाठी दिलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी धरा. फुगलेला रेणू रेझिनच्या छिद्रांत नीट शिरत नाही.

मोकळं पेग खरंच गेलं का, हे २८० नॅनोमीटरवर कधीच दिसणार नाही. पेग त्या प्रकाशाला पारदर्शक आहे. एकच सुरेख शिखर पाहून समाधान मानलं आणि त्या बाटलीत निम्मं मोकळं पेग निघालं, हे व्हायला वेळ लागत नाही. अपवर्तनांक डिटेक्टर असेल तर उत्तम. नसेल तर जेलवरची आयोडिनची जुनी युक्ती अजूनही फार कामाची आहे. जेल ०.१ मोलर परक्लोरिक आम्लात १५ मिनिटं, मग ५ टक्के बेरियम क्लोराइडमध्ये, त्यावर ०.१ नॉर्मल आयोडिनचं द्रावण. काही मिनिटांत जिथे पेग आहे तिथे तपकिरी-नारिंगी पट्टे उमटतात. फोटो काढा, पाण्याने धुवा आणि त्याच जेलला नेहमीचा कुमासीचा निळा रंग द्या. दोन्ही रंग घेणारा पट्टा म्हणजे जोडलेलं प्रथिन. फक्त तपकिरी, म्हणजे मोकळं पेग. फक्त निळा, म्हणजे मूळ प्रथिन. तीन प्रश्नांची उत्तरं एका जेलवर. पट्ट्याची जागा पाहून मात्र रेणुभार सांगू नका; १८.८ अधिक २० म्हणजे ३९ येईल असं वाटतं, पण पट्टा बराच वर, थोडा पसरट दिसतो. खरा आकडा मास स्पेक्ट्रोमीटरवर, तिथे ४४ डाल्टनच्या अंतराने दातेरी शिखरं दिसली की पेगच आहे याची खूण पटते.

नॅनोकणांवर पेग

कणावर प्रश्न बदलतो. तिथे ‘कुठे’ हे गौण, ‘किती दाट’ हे मुख्य. विरळ साखळ्या आपापल्या जागी छत्रीसारख्या गोल पसरतात आणि मधल्या उघड्या जागेवर रक्तातली प्रथिनं चिकटतात; मग यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो कण उचलतात. साखळ्या जवळ आल्या की एकमेकींना ढकलत उभ्या राहतात, ब्रशच्या केसांसारख्या, आणि पृष्ठभाग झाकला जातो.

हे आधी कागदावर पाहता येतं. मोकळ्या साखळीचा फैलाव म्हणजे ०.३५ नॅनोमीटर गुणिले दुव्यांच्या संख्येचा ०.६ घात. पेग २००० मध्ये ४५ दुवे, फैलाव ३.४ नॅनोमीटर. पेग ५००० मध्ये ११४ दुवे, फैलाव ६. आता लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या पटलाचा पोकळ कण, घ्या, ज्यात ५ मोल टक्के पेग-लिपिड आहे. एका लिपिडचं क्षेत्रफळ ढोबळ ०.६ चौरस नॅनोमीटर धरलं तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला १२ चौरस नॅनोमीटर येतात, म्हणजे दोन साखळ्यांमध्ये साडेतीन नॅनोमीटर अंतर. फैलाव ३.४, अंतर ३.५: छत्रीतून ब्रशमध्ये शिरण्याच्या अगदी उंबरठ्यावर. १०० नॅनोमीटरच्या कणाचं क्षेत्रफळ ३१,४०० चौरस नॅनोमीटर, त्यावर अशा सुमारे २,६०० साखळ्या बसतात. पेग-लिपिड वाढवत ८-१० टक्क्यांच्या पुढे नेलं तर ते पटलात राहायचं सोडून स्वतःची मायसेलं, म्हणजे छोटे भरीव गोळे, बनवतं आणि लायपोसोम मोडायला लागतो. डॉक्सिल या डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध भरलेल्या लायपोसोममध्ये हायड्रोजनीकृत सोया फॉस्फॅटिडिलकोलीन, कोलेस्टेरॉल आणि डीएसपीई-पेग २००० हे पेग-लिपिड यांचं प्रमाण ढोबळ ५६:३९:५ आहे. तो पाचाचा आकडा कुठून आला, ते या हिशेबावरून लक्षात यावं.

१९९५ साली मंजूर झालेल्या डॉक्सिलचं रक्तातलं अर्धायुष्य ५५ तासांच्या घरात आहे. पण याचं सगळं श्रेय पेगला देऊ नये. कण रक्तात फिरत राहतो तो पेगमुळे. डॉक्सोरुबिसिन त्यातून गळत नाही ते अमोनियम सल्फेटच्या आत-बाहेरच्या तीव्रतेतल्या फरकामुळे, जो औषधाला आत ओढून स्फटिकासारखं घट्ट बसवतो. यातलं पेगचंच जमलं तर रिकामे लायपोसोम छान फिरत राहतात. आणि जास्त फिरण्याची किंमतही आहे: हृदयावरचा त्रास कमी झाला, पण औषध त्वचेत साठून तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला.

पेग-लिपिड सुरुवातीलाच मिसळलं तर त्यातला काही भाग पटलाच्या आतल्या बाजूला जातो आणि आतली जागा खातो. तयार लायपोसोमात डीएसपीई-पेगची मायसेलं मिसळून ६० अंशाला अर्धा ते एक तास ठेवलं की साखळ्या फक्त बाहेरून शिरतात. तापमान पटलाच्या वितळबिंदूच्या वर हवं, या लिपिडसाठी तो ५० च्या थोडा पुढे आहे. ४५ ला कितीही वेळ ठेवलं तरी काम नीट होत नाही.

सोन्याच्या कणांवर थायॉल-पेग बसवत असाल तर परीक्षा डोळ्यांनीच होते. सायट्रेटमधल्या सोन्याच्या लालभडक द्रावणात मीठ टाकलं की काही क्षणांत ते जांभळं, मग निळसर होतं: कण एकमेकांना चिकटले. पेग पुरेसं बसलेलं असेल तर मीठ टाकूनही रंग लालच राहतो. पेगचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत आठ-दहा नळ्यांची रांग लावा आणि रंग टिकायला लागतो ती पहिली नळी धरा. मी त्याच्या दुप्पट घेईन, कारण मिठाला टिकणं आणि रक्तातल्या प्रथिनांना टिकणं यात बरंच अंतर आहे.

कण फ्रीज-ड्राय करायचे असतील तर ५ ते १० टक्के सुक्रोज घाला. गोठताना पेग स्वतः स्फटिक बनवतं आणि कणांना एकत्र खेचतं. नंतर पाणी घातलं की १०० नॅनोमीटरचे कण गुठळ्यांच्या रूपात परत येतात.

साखळी सुटली पाहिजे तेव्हा

जे पेग कणाला भक्षक पेशींपासून वाचवतं, तेच त्याला हव्या त्या पेशीतही शिरू देत नाही. यावरचं सर्वांत देखणं उत्तर लिपिड नॅनोकणांत सापडतं. मॉडर्नाच्या कोविड लशीत चार लिपिडचं प्रमाण ५०:१०:३८.५:१.५ आहे, तो दीडचा आकडा पेग-लिपिडचा. मिसळण्याच्या क्षणी पेग कणांचा आकार आवरतं आणि बाटलीत त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. त्याला कणात रोवून ठेवणारं लिपिड, डीएमजी, हे १४ कार्बनच्या आखूड शेपट्यांचं आहे, म्हणून रक्तात ते हळूहळू निसटतं. ऑनपॅट्रो या २०१८ सालच्या औषधात याच निसटण्यावर सगळा डाव आहे: पेग उतरलं की एपीओई हे प्रथिन कणाला चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्याला आत घेतात. त्याजागी १८ कार्बनच्या शेपट्यांचं डीएसपीई-पेग वापरलं तर कण जास्त वेळ फिरतो आणि यकृतातलं काम घटतं. ‘पेग जितकं घट्ट तितकं चांगलं’ ही समजूत इथे पूर्ण मोडते.

प्रथिनांतही हे जमतं. २०२१ साली मंजूर झालेलं स्कायट्रोफा हे वाढीचं संप्रेरक पेगला अशा दुव्याने बांधलेलं आहे की तो शरीराच्या पीएचला आणि तापमानाला सावकाश सुटतो आणि मूळ, न बदललेलं संप्रेरक बाहेर पडतं. आठवड्याला एक इंजेक्शन, आणि रिसेप्टरला भिडताना पेग मध्ये नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सुटणाऱ्या दुव्याचा विचार पहिल्याच दिवशी करावा असं मला मनापासून वाटतं.

शरीर पेगला ओळखतं तेव्हा

पेग प्रतिकारशक्तीच्या नजरेत येत नाही, असं बराच काळ मानलं गेलं. ते खरं नाही. गाउटवरचं पेग्लोटिकेझ, म्हणजे क्रिस्टेक्सा, २०१० साली आलं. त्याच्या मुख्य चाचण्यांत दोन आठवड्यांनी एकदा औषध घेणाऱ्यांपैकी फक्त ४२ टक्के रुग्णांत परिणाम टिकला. बाकीच्या बहुतेकांत पेगविरोधी प्रतिपिंडं तयार होऊन औषध रक्तातून झपाट्याने नाहीसं होत होतं. म्हणून प्रत्येक इन्फ्युजनआधी युरिक आम्ल मोजतात. ते ६ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर चढलं असेल तर औषध संपत आलंय आणि पुढच्या डोसला तीव्र प्रतिक्रियेचा धोका आहे, असं समजतात. सोबत मेथोट्रेक्सेट दिल्यावर सहा महिन्यांचा प्रतिसाद ३८.५ वरून ७१ टक्क्यांवर गेला आणि २०२२ साली ही जोडी मंजूर झाली. दुसरीकडे पेगनिवाकोजिन या रक्त पातळ करणाऱ्या अॅप्टामरची, म्हणजे न्यूक्लिक आम्लाच्या छोट्या रेणूची, मोठी चाचणी २०१४ साली तीव्र अॅलर्जीमुळे थांबवावी लागली. तिथे प्रतिपिंडं औषध मिळण्याआधीपासूनच रक्तात होती.

नॅनोकणांत हे दुसऱ्या डोसला उघड होतं. पहिल्या डोसनंतर प्लीहेतल्या बी पेशी आयजीएम प्रतिपिंडं बनवतात, आणि पाच-सात दिवसांनी दिलेला दुसरा डोस काही वेळातच यकृतात जाऊन पडतो. लिपिडचा पहिला डोस लहान असेल तर हा परिणाम उलट जास्त दिसतो. डॉक्सोरुबिसिन भरलेले कण त्या बी पेशींनाच मारतात, म्हणून तिथे तो दबलेला राहतो. यावरून दोन गोष्टी पाळाव्यात. प्राण्यांवरच्या अभ्यासात एकाच डोसचा रक्तातल्या पातळीचा आलेख काढून थांबू नका. सातव्या दिवशी दुसरा डोस देऊन त्याचा आलेख पहिल्यावर ठेवून बघा. आणि कणात जे औषध शेवटी भरायचं आहे तेच भरून बघा, कारण रिकामा किंवा बिनविषारी कण वेगळं उत्तर देतो.

रक्तातली पेगविरोधी प्रतिपिंडं एलायझाने, म्हणजे प्लेटवर पेग चिकटवून त्याला धरणारी प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीने, मोजताना एक चूक इतकी सहज होते की ती इथे लिहून ठेवलीच पाहिजे. प्लेट धुवायच्या बफरमध्ये सवयीने ट्वीन-२० हे डिटर्जंट घातलं जातं. ट्वीन-२० मध्ये स्वतःच पेगच्या साखळ्या आहेत. प्लेटवर चिकटायला आलेली प्रतिपिंडं ट्वीनलाच धरून बसतात, धुण्यात वाहून जातात, आणि रुग्णाच्या रक्तात काहीच नाही असा निकाल येतो. ०.१ टक्के चॅप्स, पेग नसलेलं डिटर्जंट, वापरा, आणि ब्लॉकिंगपासून दुसऱ्या प्रतिपिंडापर्यंत कुठल्याही द्रावणात ट्वीन शिल्लक नाही याची खात्री करा. सिग्नल मिळालाच तर त्याच नमुन्यात भरपूर मोकळं पेग टाकून तो परत मोजा. खरा सिग्नल असेल तर तो खाली येतो. येत नसेल तर प्रतिपिंड पेगला नाही, प्लेटवरच्या दुसऱ्याच कशाला तरी चिकटतंय.